शिकाऊ डॉक्टर आणि लेकरांचा वॉर्ड

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु महागावच्या फाट्यावर तापाने फणफणलेले लेकरू कडेवर घेऊन एखादी माउली एस्टीची वाट पाहत उभी असते, तिच्या त्या प्रवासामागेही एक इतिहास असतो. आर्णीवरून ती यवतमाळच्या मोठ्या इस्पितळात पोहोचली, की रात्रीच्या वेळी तिच्या लेकराला पहिला हात लावतो तो बहुधा पंचविशी-तिशीतला शिकाऊ डॉक्टर. एवढ्या तरुण माणसाच्या हाती एवढी जबाबदारी आली कशी, ते आज आपण पाहू या.

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड या दोघा गुरूंनी जर्मनीतील पद्धत पाहून एक रिवाज पाडला. पदवी घेतलेल्या तरुणाने रुग्णालयातच राहावयाचे, रोग्याच्या उशापायथ्याशी शिकावयाचे. म्हणून तो ‘निवासी’. आपल्याकडील गुरुकुलाचीच ही तऱ्हा म्हणाना! या निवाशांतील एक जण त्यांचा प्रमुख. कोणत्या रोग्याला आधी पाहावयाचे, कोणाची पाळी केव्हा लावावयाची, नवख्याला काय शिकवावयाचे आणि वरिष्ठांना झोपेतून केव्हा उठवावयाचे, हे सारे त्याने ठरवावयाचे. शिकता शिकता कारभार पाहणे या पद्धतीत असे आले.

मुंबईत परळला १९२९ साली बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाने खास मुलांचे रुग्णालय उभे राहिले. मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. त्याचा आजार वेगळा, औषधाची मात्रा वेगळी, आणि कोठे दुखते ते त्याला सांगता येत नाही. ही समज रुजायला वेळ लागला. डॉ. जॉर्ज कोएल्हो यांच्यासारख्यांनी मुंबईत या शास्त्राचा पाया घातला. १९५० साली बालरोगतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि १९६३ साली मुंबई व कलकत्ता येथील संघटना एकत्र येऊन भारतीय बालरोग अकादमी अस्तित्वात आली.

पण शहरात तज्ज्ञ झाले म्हणून खेड्यातले मूल वाचते काय? सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्यात १९३७ सालचा आकडा आहे: जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत. डॉक्टर हा नुसता गोळ्या देणारा न राहता समाजाचा वैद्य व्हावा, त्यासाठी त्याने तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे शिक्षण घ्यावे, असे या समितीने सुचविले.

ही कल्पना प्रत्यक्षात कशी आली, ते पाहायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. नवा विद्यार्थी आला की आधी आश्रमात राहतो. पुढे त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. मूल का सुकले, हे विचारायला गेले की विहीर, चूल, आईची मजुरी आणि दूध नासण्याचे कारण हे सगळे पुढे येते. त्यावरून इलाजाची दिशा ठरते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दोघेही त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातच सार्वजनिक आरोग्य शिकले. परत येऊन त्यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. त्यांनी प्रथम काय केले? मोजणी! बाळे कोणत्या आठवड्यात, कशाने जातात, ते लिहून काढले. मग गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकविले: बाळ उबेत ठेवणे, वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि पडताळ्यासाठी ४७ गावे घेतली. नवजात बाळांचा मृत्युदर ६२ वरून २६च्या आसपास आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाने हा निष्कर्ष छापला. पुढे २०११ पासून देशभर ‘आशा’ ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

इथे नेतृत्वाचा अर्थ कळतो. बंग दांपत्याने विद्या आपल्या मुठीत ठेवली नाही. ती कमी शिकलेल्या बाईच्या हाती दिली, तिची चूक सुधारली आणि हिशेब ठेवला. शिकाऊ बालरोगतज्ज्ञाने वॉर्डात नेमके हेच शिकावयाचे असते. प्राणवायू पुरेसा आहे का, परिचारिका किती आहेत, कोणत्या बाळाला आधी घ्यायचे, घरी पाठवताना आशाताईला निरोप गेला का! पुस्तकातला रोग पाठ असला आणि ही घडी बसविता आली नाही, तर मूल हातचे जाते.

२०२० साली वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत दुरुस्ती होऊन पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावे, असे ठरले. भोर समितीनेही तीनच महिने म्हटले होते, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मात्र हे तीन महिने शिकण्याचे आहेत, रिकाम्या जागा भरण्याचे नव्हेत. निवासी डॉक्टरांना दिवसात १२ आणि आठवड्यात ४८ तासांहून अधिक काम सहसा देऊ नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच सांगितले आहे. जागरणाने डोळे मिटणाऱ्या तरुणाकडून कारभार कसा व्हावा? ज्याला जबाबदारी द्यायची, त्याला अधिकार, वेळ आणि पाठीशी वडीलधारा माणूसही द्यावा लागतो.

१९३७ सालचे ते १६२ आठवा. २०२० साली हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. लस, स्वच्छ पाणी, अन्न, बाळंतपणाची सोय आणि शिकलेल्या आया, असे कित्येक हात त्याला लागले. तरीही त्या साली हजारांमागे सोळा घरांत पाळणा रिकामा झालाच.

गुरुजनहो, तुमच्या वर्गातली एखादी हुशार मुलगी डॉक्टर व्हावयाचे म्हणत असेल, तर तिला हिशेब ठेवायला, चारचौघांकडून काम करून घ्यायला आणि आपल्याहून कमी शिकलेल्याचे ऐकायला आजच शिकवा. आणि गावकरी मंडळी, जिल्ह्याला गेलात आणि समोर तरुण डॉक्टर दिसला, तर ‘मोठा डॉक्टर कुठं हाय?’ असे विचारण्याआधी बाळाचा ताप कधीपासून आहे ते त्याला नीट सांगा. बाळाचे लसीचे कार्ड सोबत न्या. त्याचे शिकणे आणि तुमच्या लेकराचे बरे होणे, दोन्हीची सुरुवात तिथूनच होते.