पापाची जाहीर कबुली आणि हॉथॉर्नच्या कथा

सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडमध्ये पाप ही माणसाची खासगी बाब नव्हती. १६३० पासून मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत मोठ्या संख्येने आलेल्या प्युरिटनांच्या चर्चमध्ये सभासद व्हायचे, तर मंडळीसमोर आपल्या आध्यात्मिक अनुभवाचे निवेदन करावे लागे. सभासदाकडून गंभीर चूक घडली, तर तीही तिथेच सर्वांदेखत कबूल करायची असे. शिक्षाही डोळ्यांना दिसेल अशी होती. प्लिमथ वसाहतीच्या १६५८ च्या कायद्याने व्यभिचाऱ्याच्या कपड्यांवर कापडी अक्षरे शिवण्याची सक्ती केली. मॅसॅच्युसेट्सच्या १६९४ च्या कायद्यात तर ‘ए’ हे अक्षर दोन इंच उंच आणि कपड्याहून वेगळ्या रंगाचे असावे, असे नमूद होते.

या प्रथेची विकृत बाजू १६९२ मध्ये सेलमला दिसली. चेटकाच्या आरोपांवरून १९ जणांना फाशी झाली आणि एक वृद्ध अंगावर दगड रचले जाऊन चिरडून मेला. खोटी का होईना, कबुली देणारे बहुतेक वाचले. निर्दोष असल्याचे शेवटपर्यंत सांगणारे फासावर गेले. पुढे या खटल्यांतले एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल १६९७ मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये उभे राहिले आणि त्यांचा माफीनामा मंडळीसमोर वाचला गेला. आरोप करणाऱ्या मुलींपैकी ॲन पटनमनेही १७०६ मध्ये तसेच केले. चौकशी करणाऱ्या जॉन हॅथॉर्न यांनी मात्र अशी माफी मागितल्याची नोंद नाही.

त्यांचाच खापरपणतू नॅथॅनिएल हॉथॉर्न १८०४ मध्ये सेलमला जन्मला. तोपर्यंत जाहीर कबुलीचा जाच ओसरला होता. हॉथॉर्नने आपल्या कथांसाठी जुन्या शिक्षेतले दृश्य चिन्ह उचलले आणि त्याचा अर्थ मात्र झाकून ठेवला. १८३५ च्या ‘यंग गुडमन ब्राउन’मध्ये नायकाला रात्रीच्या जंगलात गावचे सारे धर्मशील लोक सैतानाच्या मेळाव्यात दिसतात. त्यांतली गुडी क्लॉइस आणि मार्था कॅरिअर ही नावे सेलमच्या खटल्यांतली आहेत. पत्नी फेथच्या टोपीची गुलाबी फीत आभाळातून खाली येते आणि नायकाची श्रद्धा ढासळते. ते स्वप्न होते की सत्य, हे कथा सांगत नाही. पण इतरांच्या पापाच्या संशयाने त्याचे उरलेले आयुष्य नासते.

‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल’मध्ये धर्मोपदेशक हूपर एके दिवशी काळ्या क्रेपने चेहरा झाकून प्रवचनाला येतो आणि तो पडदा मरणशय्येवरही काढू देत नाही. त्याचे पाप कोणते, हे कधीच कळत नाही. प्रत्येक चेहऱ्यावर असाच पडदा आहे, हे त्याचे अखेरचे म्हणणे. मेनमधील यॉर्कचे धर्मोपदेशक जोसेफ मूडी खरोखरच तोंड झाकून वावरत, असे हॉथॉर्नने कथेच्या तळटीपेत नोंदवले आहे. मूडींच्या हातून लहानपणी चुकून एका मित्राचा जीव गेला होता. म्हणजे त्यांच्या पडद्यामागे ठाऊक असलेले कारण होते. हूपरच्या गोष्टीत हॉथॉर्नने असे कारण दिलेच नाही, म्हणून मंडळीतला प्रत्येक जण त्या पडद्यात स्वतःचे गुपित पाहू लागतो.

याच काळात एडगर ॲलन पोने अपराधभावाला धर्मापासून तोडले. १८४३ च्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये खुनी पोलिसांपुढे स्वतःहून कबुली देतो. त्याला ती द्यायला लावते ते फरशीखालच्या हृदयाचे, त्याला एकट्यालाच ऐकू येणारे ठोके. हॉथॉर्नच्या कथांत पापाला निदान पाहणारा समाज उरला होता. पोच्या कथेत आरोप करणारा आवाज माणसाच्या डोक्यातच आहे.