पेशवे दफ्तर आणि आजोळचं इनाम

आमच्या आजोळी दर मे महिन्यात एक गोष्ट हमखास निघायची. आंबे खाऊन झाले, पत्ते कुटून झाले, की कुणीतरी मामा म्हणणार, "साहेबानं इनाम खाल्लं आपलं." मग आज्जीचा उसासा, "कागद नव्हता रे, नाहीतर काय बिशाद होती!" कागद का नव्हता, हे मात्र आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही. गेले काही महिने पेशवे दफ्तराविषयी मिळेल ते वाचतोय. त्यात त्याचं थोडंफार उत्तर सापडलं.

पेशव्यांचं हुजूर दफ्तर म्हणजे त्या काळचं सचिवालयच. दोनशेच्या वर कारकून होते तिथे. फडणिसाच्या हाताखालचं ते चालतं दफ्तर. रोजचे हुकूम, सनदा, जमाखर्च सगळं तिथे, आणि दिवसाची नोंद रोजकीर्दीत. दुसरं एकबेरीज दफ्तर. हे कायम पुण्यात. बाकीच्या खात्यांचं ज्यांच्याशी काम उरलेलं नाही असे कागद इथे यायचे, तारीखवार लागायचे आणि त्यांवरून तर्जुमे नि खतावण्या तयार व्हायच्या. तर्जुमा म्हणजे इथे भाषांतर नव्हे, हिशेबाचा बाबवार गोषवारा. म्हणजे एखाद्या बाबीखाली किती जमा नि किती खर्च, हे बघायला वर्षभराच्या रोजकीर्दी उपसत बसायला नको.

मला खरी अक्कल दिसते ती यात, की काम संपलेल्या कागदाने कुठे जायचं हे आधीच ठरलेलं होतं. (आमच्या हापिसात तो कपाटावर जातो. मग माळ्यावर. त्यापुढचं विचारू नये.)

नाना फडणीस १८०० साली गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तराची पार आबाळ झाली. कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडीतच निघाला आणि लोक कागद उचलून घरी नेऊ लागले, त्यांना कुणी अडवेना. १८१८ मध्ये राज्य गेलं आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती पडलं, ते अशा अवस्थेत. आधीच्या वर्षांचे कागद बरेचसे जागेवर, शेवटच्या वर्षांत मात्र भगदाडं.

त्या वेळी कुणाला त्याचं काय वाटलं असेल? चार रुमाल इकडचे तिकडे, एवढंच. पण पुढे इनाम कमिशन आलं. १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले आणि गावोगावच्या इनामदारांना विचारणा सुरू झाली: हक्क दाखवा. दाखवायचं काय, तर घरची सनद. आणि ती पडताळायची कशाशी, तर पुण्याच्या दफ्तराशी! पेशव्यांनी स्वतःच्या सोयीसाठी नीट लावलेले कागद आता कंपनी सरकार त्यांच्याच इनामदारांविरुद्ध पुरावा म्हणून उलगडत होतं. खोट्या सनदाही होत्याच म्हणा, सगळेच काही सोवळे नव्हते. पण ज्याची सनद वाळवीने खाल्ली आणि दफ्तरातली नोंदही कुणी उचलून नेली, त्याने करायचं काय? दक्षिण मराठा मुलखात १८५७ च्या असंतोषामागे या कमिशनचा राग होता, असं इतिहासकार सांगतात.

मामांची एक दुरुस्ती इथेच करतो. इनाम गेलं म्हणजे बहुतेकदा जमीन गेली असं नव्हे, साऱ्याची माफी गेली. जमीन तीच, कसणारे तेच, फक्त आता पूर्ण सारा भरायचा. अर्थात दुष्काळाच्या वर्षी हा फरक कुणाला सांगणार?

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी हे दफ्तर नंतर बराच काळ बंदच राहिलं. राजवाडे गावोगाव फिरून घराघरांतले कागद गोळा करत राहिले. अखेर रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून आणले. त्या वेळी सरदेसाई साठी ओलांडलेले होते. हजारो रुमाल सोडायचे, मोडी वाचायची, परत बांधायचे... नुसत्या कल्पनेने पाठ दुखते.

असो. मुद्द्याचं सांगतो. आजोळच्या माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. लहानपणी हात लावला की ओरडा बसायचा. घर विकलं तेव्हा ती ट्रंक कुणी नेली? नंदामावशी, वाचत असशील तर फोन कर. मोडी वाचणारे एक गृहस्थ मी गाठून ठेवलेत.