धूर मोजला कुणी?

"अमुक देशाने यंदा इतके टन कार्बन डायऑक्साइड सोडला" ही बातमी वाचली की मला पहिला प्रश्न पडतो, मोजला कुणी? खरं तर देशाच्या नावावरचा हा आकडा मुख्यतः वहीखात्यातून येतो. कोळसा, तेल, गॅस किती जाळला, त्यात कार्बन किती, एवढा हिशेब. एक टन कार्बन पूर्ण जळाला की सुमारे ३.६७ टन वायू.

१९३८ साली गाय कॅलेंडर या ब्रिटिश अभियंत्याने हेच गणित मांडलं. पन्नास वर्षांत माणसाने इंधन जाळून १५० अब्ज टन वायू हवेत सोडला, त्यातला पाऊण हिस्सा तिथेच राहिला! हवामानतज्ज्ञांना फारसं पटलं नाही. गंमत म्हणजे ही ऊब चांगलीच, हिमयुग लांबेल, असं त्याचं मत होतं. पण पुढच्या शतकांचा अंदाज बांधताना त्याने वेग तेव्हाचाच धरला, वर्षाला सुमारे ४.३ अब्ज टन. आज तो ३७ अब्जांच्या घरात आहे. घरोघरी वीज, दारोदार गाडी, हे त्याच्या गणितात नव्हतंच.

भविष्याचं सोडा, मागचा हिशेबही हलतो. २०१५ मध्ये चीनने कोळशाचे जुने आकडे सुधारले. २०१२ चा वापर आधीपेक्षा तब्बल १७ टक्के जास्त निघाला. लहान कारखान्यांची नोंद सुटली होती. कपातीची वचनं याच कागदांवर दिली जातात, म्हणून मला हे गंभीर वाटतं. तो वायू हवेत कधीच जाऊन बसला होता. कागदावर यायला तीन वर्षं लागली, तीही पॅरिस परिषदेच्या तोंडावर.