वैद्याचे वाचन, रुग्णाचे लेखन : जॅनेट फ्रेमच्या संदर्भात

मनोविकारशास्त्राच्या इतिहासात रुग्णाचा आवाज बहुधा केस-पेपरामधूनच ऐकू येतो. रुग्ण बोलतो, वैद्य लिहितो आणि कालांतराने वैद्याने लिहिलेले तेवढेच उरते. बोलणाऱ्याची वाक्ये या व्यवहारात 'लक्षणे' होतात. न्यूझीलंडची कादंबरीकार जॅनेट फ्रेम (१९२४-२००४) हिच्या बाबतीत ही व्यवस्था काही अंशी उलटली. दीर्घकाळ रुग्ण राहिलेल्या या स्त्रीने आपल्या वैद्यांविषयी लिहिले आणि त्यांतील एका वैद्याने तिला लिहिण्यास सांगितले. या घटनाक्रमाकडे केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून पाहता येत नाही. निदान हीही वाचनाची एक रीत असल्याने समीक्षेच्या दृष्टीने तो विचारात घ्यावा लागतो.

१९४५ साली ड्युनेडिन येथे शिक्षिका म्हणून उमेदवारी करीत असताना शाळा-तपासनीस वर्गात येताच फ्रेम वर्ग सोडून निघून गेली. त्याआधी तिने अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला होता. सीक्लिफ मनोरुग्णालयात तिची रवानगी झाली आणि छिन्नमनस्कतेचे निदान तिच्या नावापुढे लागले. एक बहीण १९३७ मध्ये बुडून मरण पावली होती. १९४७ मध्ये दुसरीही तशीच गेली. पुढली सुमारे आठ वर्षे निरनिराळ्या रुग्णालयांत ये-जा करण्यात गेली. या काळात विजेचे सुमारे दोनशे झटके, तेही भूल न देता, तिला सोसावे लागले.

या निदानाच्या घडणीत साहित्याचा वाटा होता, ही बाब विशेष लक्षणीय आहे. तिच्याशी नियमित संवाद करणाऱ्या मानसशास्त्राच्या तरुण अध्यापकाने तिची तुलना व्हॅन गॉग, ह्यूगो वोल्फ अशा कलावंतांशी केली. प्रतिभा आणि वेड यांचे नाते सांगणारी ही जुनी रोमँटिक कल्पना त्या एकाकी मुलीला मोहक वाटली असल्यास नवल नाही. पाठ्यपुस्तकातील लक्षणे वाचून आपण ती वठवू लागलो, अशी कबुली तिने आत्मचरित्रात दिली आहे. श्रोत्याला जे ऐकायचे होते ते वक्ता बोलू लागला आणि वक्ता जे बोलला त्याने श्रोत्याचे गृहीतक सिद्ध झाले. निदानाची संहिता अशी दोघांनी मिळून रचली. तिची किंमत मात्र एकट्या रुग्णाने मोजली. याच अध्यापकामुळे तिच्या कथा कॅक्स्टन प्रेसपर्यंत पोहोचल्या हेही नमूद केले पाहिजे. त्याच्या हातून झालेले साहाय्य आणि अपाय यांची विभागणी सहजी करता येत नाही.

'द लगून' हा कथासंग्रह प्रकाशित झाला तेव्हा फ्रेम रुग्णालयातच होती. मेंदूवरील ल्यूकॉटमी ही शस्त्रक्रिया त्या काळी प्रगतीचे चिन्ह मानली जाई. तिचा प्रवर्तक एगास मोनिझ याला १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. फ्रेमवर ही शस्त्रक्रिया करण्याचे ठरले आणि आईने संमतीपत्रावर सहीही केली. इतक्यात संग्रहाला ह्यूबर्ट चर्च पारितोषिक मिळाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. ती रुग्णालयाच्या अधीक्षकाने वाचली आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. साहित्याने एका लेखिकेला वाचविले, अशी ही कथा सहसा सांगितली जाते. परंतु अधीक्षकाने कथा वाचल्या नव्हत्या, बातमी वाचली होती. वाचविले ते प्रतिष्ठेने. ज्यांना पारितोषिक मिळाले नाही अशा सहरुग्णांच्या वाट्याला ही सुटका आली नाही. फ्रेमला या भाग्याचा कधी विसर पडला नाही आणि तिच्या लेखनातील अस्वस्थतेचे एक मूळ येथे सापडते.

१९५६ मध्ये ती युरोपला गेली. लंडनमध्ये तिने स्वेच्छेने मॉड्सली रुग्णालयात प्रवेश घेतला. तेथे दीर्घ निरीक्षणानंतर सर ऑब्रे लुईस यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञांनी असा निर्णय दिला की, तिला छिन्नमनस्कता कधीच नव्हती. या निर्णयाने तिला आनंद होण्याऐवजी पोरकेपण आले. निदान ही केवळ बेडी नव्हती. तिच्या वेगळेपणाला, भीतीला, एकांताच्या ओढीला स्पष्टीकरण देणारा तो आडोसाही होता. तो काढून घेतल्यावर यातना उरल्या, पण त्यांना नाव उरले नाही.

रॉबर्ट कॉली या मनोविकारतज्ज्ञाच्या कार्याचे महत्त्व या टप्प्यावर कळते. जुने नाव गेल्यावर त्याने घाईने नवे नाव शोधले नाही. तिच्या अडचणी बऱ्याच अंशी रुग्णालयातील दीर्घ वास्तव्यातून आणि तेथल्या उपचारांतून उद्भवल्या आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. तिला लिहायचे असेल तर तिने लिहावे, एकटे राहायचे असेल तर एकटे राहावे, हा त्याचा सल्ला होता. सामान्य माणसांत मिसळण्याचा जो आग्रह आजवर सर्वांनी धरला होता, तो त्याने सोडून दिला. त्या वर्षांचा अनुभव लिहून काढण्याचे त्यानेच सुचविले आणि त्यातून 'फेसेस इन द वॉटर' (१९६१) ही कादंबरी सिद्ध झाली. पुढे फ्रेमने आपल्या अनेक कादंबऱ्या कॉलीला अर्पण केल्या.

तरीही 'फेसेस इन द वॉटर' हे वैद्याच्या टेबलावर ठेवलेले निवेदन नव्हे. निवेदिकेचे नाव इस्टिना माव्हेट असे आहे. पहिला शब्द स्लाव्ह भाषांत 'सत्य' या अर्थाचा, तर दुसरा हिब्रूत 'मृत्यू' या अर्थाचा आहे. पात्रांपैकी कोणीही, निवेदिकासुद्धा, प्रत्यक्ष व्यक्तीचे चित्र नाही, असे लेखिकेने प्रारंभीच बजावले आहे. स्वतःच्या अनुभवावर कल्पितार्थाचा हक्क सांगणे ही येथे आत्मरक्षणाची कृती ठरते. केस-पेपरातील 'ती' पुन्हा होऊ नये म्हणून रचलेली 'मी' येथे बोलते. तिच्या बोलण्यात तिच्यासोबतच्या मूक स्त्रियांनाही जागा मिळते. त्याच १९६१ साली फूकोचा वेडाच्या इतिहासावरील ग्रंथ आणि गॉफमनचा मनोरुग्णालयांवरील ग्रंथ प्रसिद्ध व्हावा, हा योगायोग बोलका आहे. या दोघांनी संस्थेचे विश्लेषण केले. फ्रेमच्या कादंबरीत विजेचा झटका देण्याच्या दिवशी न्याहारी मिळणार की नाही याची वाट पाहणाऱ्या देहाचे भय आहे, आणि ते सिद्धान्ताच्या भाषेत येत नाही.

कॉलीला आदर्श ठरवून हा विषय संपविणे सोयीचे होईल. परंतु त्याची अनुज्ञा हीही एका वैद्याचीच अनुज्ञा होती. लिहिण्याचा अधिकार मिळविण्यासाठी स्त्रीला तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागावे, यातील सत्तासंबंध दृष्टिआड करता येत नाहीत. मात्र सत्ता हाती असताना अर्थ लादण्याचे टाळणे आणि दुसऱ्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणे हे कॉलीने केले, आणि शुश्रूषेत ते विरळाच आढळते.

साहित्यसमीक्षेला हा धडा आजही पचलेला नाही. फ्रेमच्या मृत्यूनंतर, २००७ साली, न्यूझीलंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात तिच्या लेखनाच्या आधारे स्वमग्नतेचे नवे निदान सुचविले गेले आणि त्यावर वाद झाला. समीक्षकही हेच करीत आले आहेत. प्रतिमा दिसली की तिचे लक्षण करायचे, मौन दिसले की त्याची व्याधी करायची. 'फेसेस इन द वॉटर'ची भाषा विस्कळीत भासते तेव्हा ती लेखिकेच्या मनाचा पुरावा म्हणून वाचायची की वॉर्डातील काळाची रचना म्हणून, हा निर्णय प्रत्येक वाचकाला घ्यावा लागतो. सीक्लिफमध्ये पहिल्या प्रकारचे वाचन झाले होते आणि त्याचा शेवट शस्त्रक्रियेच्या यादीत झाला होता.