रिव्हॉल्व्हर व त्याची जोडसाधने : वापरणाऱ्यांच्या अभिप्रायांचे ऐतिहासिक मूल्य

१

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचा विचार इतिहासलेखनात प्रायः प्राचीन तगर नगराच्या संदर्भातच केला जातो. 'पेरिप्लस'मध्ये व टॉलेमीच्या भूगोलात उल्लेखिलेले तगर म्हणजेच तेर, ही निश्चिती फ्लीट यांनी १९०१ साली मांडली. १९५८ साली झालेल्या उत्खननाने सातवाहनकालीन वसाहतीचे स्वरूप अधिक स्पष्ट केले. या प्राचीन वैभवाच्या तेजापुढे तेरणाकाठच्या या टापूचा अर्वाचीन इतिहास मात्र काहीसा झाकोळून गेला आहे. विशेषतः ज्या सात वर्षांत हा प्रदेश निजामाच्या हातून निघून कंपनी सरकारच्या व त्यानंतर राणीच्या सरकारच्या ताब्यात राहिला, त्या वर्षांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

२१ मे १८५३ च्या तहान्वये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाने कंपनीच्या स्वाधीन केला. तेरचा परिसर याच मुलखात मोडतो. नळदुर्ग येथे उपआयुक्त म्हणून कॅप्टन फिलिप मेडोज टेलर यांची नेमणूक झाली. १८६० साली हा मुलूख निजामास परत मिळाला. योगायोगाची गोष्ट अशी की, हातातील शस्त्राच्या इतिहासात ज्या स्थित्यंतरास अत्यंत महत्त्व दिले जाते, ते स्थित्यंतर याच सात वर्षांत घडले. एकबारी ठासणीचे पिस्तूल मागे पडून फिरत्या चक्राचे, पाच किंवा सहा बारांचे रिव्हॉल्व्हर हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला आले, आणि त्याबरोबरच त्याला काय जोडावे व काय जोडू नये, हा वादही आला.

या वादात शस्त्र प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी काय मते दिली, आणि इतिहासाचे साधन म्हणून त्या मतांचे मोल किती, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

शस्त्राला जोडसाधने लावण्याची कल्पना दख्खनला नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातील शिबंदी, रोहिले आणि अरब यांच्या हाती प्रामुख्याने तोड्याची बंदूक असे. तिच्याबरोबर दारूचे शिंगाडे, कानात घालावयाच्या बारीक दारूचे वेगळे पात्र, गोळ्यांची पिशवी, गज आणि जळता तोडा इतका सरंजाम शिपायाला बाळगावा लागे. ही सर्व साधने बार भरण्याच्या कामी येणारी होती. त्यांवाचून बंदूक ही केवळ लोखंडाची नळी होती.

याहून निराळ्या प्रकारची जोडशस्त्रेही आढळतात. कट्यारीच्या पात्याच्या दोन्ही बाजूंस पिस्तुलाच्या आखूड नळ्या बसविलेले नमुने देशी व परदेशी शस्त्रसंग्रहांत आहेत; परशूच्या दांड्यातच बंदुकीची नळी दडविलेले नमुनेही आहेत. यांपैकी अनेकांवर सोन्यारुप्याचे नक्षीकाम आहे. कारागिराचे कौशल्य आणि धन्याची हौस यांची साक्ष ती देतात. परंतु सामान्य शिपायाच्या सरंजामात त्यांना स्थान मिळाले नाही. एका शस्त्राला त्याचे स्वतःचे काम नीट करता यावे म्हणून दिलेली मदत आणि एकाच शस्त्राकडून दोन शस्त्रांचे काम घेण्याचा प्रयत्न, हा भेद येथेच ध्यानी ठेवला पाहिजे. पुढील विवेचनात त्याचा वारंवार उपयोग होईल.

३

सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन कारागिराने रिव्हॉल्व्हरचे इंग्रजी पेटंट १८३५ साली व अमेरिकन पेटंट १८३६ साली मिळविले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्याची शस्त्रे मांडली गेली आणि १८५३ साली त्याने लंडन येथेच कारखाना सुरू केला. त्याच प्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचे रिव्हॉल्व्हर प्रतिस्पर्धी म्हणून पुढे आले. कोल्टचे 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर सहा बारांचे, ०.३६ इंची नळीचे असून दर बाराला अंगठ्याने घोडा ओढावा लागे. ॲडम्सचे रिव्हॉल्व्हर पाच बारांचे व अधिक रुंद नळीचे होते. त्याचा चाप ओढताच घोडा आपोआप चढे आणि पडे. कोल्टच्या पद्धतीत नेम अचूक साधे. ॲडम्सच्या पद्धतीत बार झपाट्याने निघत, परंतु जड चापामुळे हात हले.

या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते, याविषयी त्या काळी अधिकाऱ्यांनी दिलेले अभिप्राय उत्पादकांनी छापून प्रसृत केले. त्यांत ८८ व्या पलटणीचा कॅप्टन क्रॉस याचे पत्र प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १८५४ मधील इंकरमनच्या लढाईत रशियन सैनिकांनी त्याला घेरले. ते इतके जवळ होते की दर बाराला घोडा चढवावा लागला असता तर आपण वाचलो नसतो, असे त्याने लिहिले. चौथ्या माणसावर गोळी झाडताच त्याच्या मांडीत संगीन शिरली होती. हा अभिप्राय अनुभवाचा आहे, खोटा मानण्याचे कारण नाही. मात्र तो ॲडम्सलाच लिहिलेला असून त्याच्याच मालाच्या प्रसिद्धीसाठी वापरला गेला, हेही विसरता येत नाही.

वादाचा निकाल १८५६ साली एका तडजोडीने लागला. रॉयल एंजिनिअर्समधील लेफ्टनंट बोमाँट याने ॲडम्सच्या यंत्रात अशी सुधारणा केली की घोडा अंगठ्यानेही चढविता यावा व नुसता चाप ओढूनही बार काढता यावा. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने हे बोमाँट-ॲडम्स रिव्हॉल्व्हर स्वीकारले. वापरणाऱ्यांच्या दोन परस्परविरुद्ध मतांपैकी एकही चूक नव्हते; दूरच्या व जवळच्या अशा भिन्न अंतरांवरील अनुभवांतून ती निर्माण झाली होती, असे या तडजोडीवरून दिसून येते.

४

आता जोडसाधनांकडे वळू. पहिल्या ॲडम्स रिव्हॉल्व्हरला गोळी ठासण्याची तरफ नव्हती. गोळी बोटाने चक्राच्या घरात सरकविली जाई. घोडेस्वाराच्या धक्क्यांनी ती सैल होऊन पुढे येई आणि चक्र अडकण्याचा धोका उत्पन्न होई. या तक्रारीमुळे नळीच्या बाजूस तरफ बसविण्यात आली. त्यांपैकी जेम्स कर याने १८५५ साली काढलेली तरफ विशेष रूढ झाली. पुढे मुठीच्या तळाशी कडी बसविण्याची प्रथा पडली. त्या कडीत दोरी ओवून ती गळ्यात अडकविली म्हणजे घोड्यावरून दौडताना हातातून सुटलेले शस्त्र जमिनीवर पडत नसे. ही साधने क्षुल्लक दिसतात. परंतु त्यांची गरज वापरणाऱ्यांनाच प्रथम जाणवली, आणि म्हणूनच ती टिकली.

कोल्टने याच दशकात आणखी एक जोडसाधन बाजारात आणले. ते म्हणजे मुठीला अडकवून खांद्याशी टेकावयाचा सुटा लाकडी दस्ता. त्यामुळे पिस्तुलाची आखूड बंदूक बनावी, अशी कल्पना होती. काही दस्ते आतून पोकळ करून त्यांत पाणी ठेवण्याचीही सोय केलेली होती. युक्ती चतुर खरी; परंतु रिव्हॉल्व्हरच्या रचनेतच तिला अडथळा होता. चक्र व नळी यांच्या सांध्यातून बाराच्या वेळी ज्वाला व शिशाचे कण बाहेर उडतात. शस्त्र एका हाताने लांब धरले असता त्यांचा उपद्रव होत नाही; दस्ता खांद्याला टेकून चेहरा जवळ आणला आणि दुसरा हात नळीखाली ठेवला की तो होतो. एका घराची आग शेजारच्या घरांत पसरून अनेक बार एकदम उडाले, तर पुढे धरलेला हातच जायबंदी होई. शिवाय दस्ता पिस्तुलाच्या म्यानात मावत नसे, म्हणजे तो वेगळा बाळगावा लागे. रिव्हॉल्व्हरचा मुख्य गुण जो सुटसुटीतपणा, तोच या जोडणीने नाहीसा झाला. ब्रिटिश लष्करात हा दस्ता रिव्हॉल्व्हरचे नित्याचे अंग कधीच बनला नाही.

५

१८५७ च्या युद्धात रिव्हॉल्व्हरची हिंदुस्थानात खरी कसोटी लागली. या संदर्भात जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबरी या बंगाल फौजेतील अधिकाऱ्याने पुढे सांगितलेला एक प्रसंग शस्त्रविषयक लेखनात पुनःपुन्हा येतो. आपल्या नेमबाजीचा अभिमान बाळगणाऱ्या एका अधिकाऱ्यावर जड तलवार घेतलेला एक धिप्पाड शिपाई चालून आला. अधिकाऱ्याजवळ कोल्ट नेव्ही होते. त्याने सगळे बार त्या शिपायावर झाडले आणि परिणाम पाहण्यासाठी तो क्षणभर थांबला. तेवढ्यात शिपायाने त्याचे मस्तक दातांपर्यंत चिरले आणि मग तोही त्याच्याशेजारी कोसळून मरण पावला. सहापैकी पाच गोळ्या छातीवर जवळजवळ लागलेल्या असून त्या पाठीतून पार निघून गेल्या होत्या, असे प्रत्यक्षदर्शीने फॉसबरीस सांगितले.

फॉसबरीचा निष्कर्ष असा की, लहान व वेगवान गोळी शरीरातून पार होते, पण चालून येणाऱ्या माणसाला जागीच थांबवीत नाही. त्यासाठी जड व रुंद गोळी हवी. ब्रिटिश लष्कराने १८८७ साली स्वीकारलेल्या वेबली रिव्हॉल्व्हरमध्ये ०.४५५ इंची वर्गाची जड गोळी होती, ती याच विचारपरंपरेला धरून होती. फॉसबरी याने पुढे वेबलीवर आधारलेले, धक्क्याच्या बळावर स्वतः घोडा चढविणारे रिव्हॉल्व्हर काढले. तेव्हा त्याचा अभिप्रायही सर्वस्वी निर्हेतुक नव्हता. असो.

दख्खनमध्येही या शस्त्राची खूण १८५८ साली उमटलेली दिसते. नळदुर्गाहून बदली होऊन वऱ्हाडात गेलेले टेलर पुढे शोरापूरला गेले. तेथील राजा वेंकटप्पा नायक याला त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. उठावाबद्दल शिक्षा झालेल्या या तरुण राजास चिंगलपेटकडे नेत असताना वाटेतील मुक्कामावर रक्षक तुकडीच्या अधिकाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागून तो मरण पावला. इंग्रजी वृत्तांतानुसार ती गोळी त्याने स्वतःच झाडून घेतली. या प्रसंगी ना नेमाचा प्रश्न होता, ना जोडसाधनांचा. नेहमी भरलेले व सहज हाती येणारे हे शस्त्र धन्याखेरीज इतरांच्याही हाती तितक्याच सहज जाते, एवढे मात्र त्यावरून कळते.

६

पहिल्या महायुद्धात जोडसाधनांचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. १९१५ साली वेबलीचा सहावा नमुना आला. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात त्या सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली. वेबली रिव्हॉल्व्हर हे त्या काळच्या अधिकाऱ्यांचे नेहमीचे शस्त्र होते. युरोपातील खंदकांत मात्र लढाई हातघाईवर आली, आणि तेथे दोन जोडसाधने विशेष गाजली.

पहिले साधन प्रिडो याचे. वेमथ येथील या दंतवैद्याने सहा काडतुसे एकाच वेळी चक्रात बसविणारे एक गोल साधन काढले. अंधारात, चिखलात, थरथरत्या हातांनी एकेक काडतूस भरण्याचा वेळ त्याने वाचला. अधिकारी ते स्वतःच्या पैशाने विकत घेत, हा त्याच्या बाजूचा मोठा पुरावा होय. दुसरे साधन कॅप्टन आर्थर प्रिचर्ड याने १९१६ साली पेटंट घेतलेली रिव्हॉल्व्हरची संगीन. फ्रेंच ग्रास रायफलीच्या संगिनीचे पाते कापून ते वेबलीच्या नळीपुढे बसविण्यात येई. ग्रीनर यांच्या कारखान्यात ती थोड्या संख्येने तयार झाली. लष्कराने ती अधिकृतपणे कधीच स्वीकारली नाही. आज संग्राहक तिच्यासाठी मोठी किंमत देतात. परंतु संग्राहकाची आवड हे शिपायाचे मत नव्हे.

७

वरील सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ठासणीची तरफ, मुठीची कडी आणि काडतुसे भरण्याचे साधन ही टिकली किंवा त्यांचे वारस टिकले. कारण रिव्हॉल्व्हर भरणे व हातात राखणे एवढेच काम त्यांनी केले. दस्ता व संगीन ही मागे पडली. कारण त्यांनी रिव्हॉल्व्हरला बंदूक किंवा भाला बनवू पाहिले. आज रिव्हॉल्व्हरला विजेरी, लेसर वा प्रकाशबिंदूचे नेमयंत्र जोडण्याची प्रथा काही देशांत रूढ आहे. तिच्याविषयीच्या मतभेदांनाही हीच कसोटी लावता येईल.

परंतु अभिप्रायांच्या मूल्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. क्रॉस वाचला म्हणून त्याचे पत्र उपलब्ध आहे. इंकरमनला ज्याचे ॲडम्स अडकले असेल, त्याने उत्पादकाला पत्र लिहिले नाही. शस्त्राविषयीची लेखी मते ही जात्याच वाचलेल्यांची मते असतात, आणि छापलेली मते ही त्यांतूनही विक्रेत्याने निवडलेली असतात. फॉसबरीने सांगितलेल्या प्रसंगाचे मोल एवढ्यासाठीच की त्यात पराभूताची साक्ष, ती मरण पावला असूनही, तिसऱ्याच्या तोंडून नोंदली गेली.

त्या प्रसंगातील दुसऱ्या मृताची साक्ष मात्र कोणी घेतली नाही. पाच गोळ्या लागूनही जो चालत राहिला, त्याचे नाव, गाव, भाषा यांची नोंद त्या वृत्तांतात नाही. त्याचे शरीर तेवढे कोल्टच्या गोळीविरुद्धचा पुरावा म्हणून उरले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील रयतेच्या शस्त्र बाळगण्यावर परवान्याचे बंधन घातले, आणि रिव्हॉल्व्हरविषयी मत देण्याचा अधिकार जणू ते बाळगणाऱ्यांपुरताच राहिला. ज्यांच्यावर हे शस्त्र रोखले गेले, त्यांनाही त्याची पारख होती. ती कागदावर आली नाही एवढेच. तेरसारख्या गावाचा अर्वाचीन इतिहास लिहू पाहणाऱ्याने नळीच्या मागील बाजूचे कागद वाचावेतच. पण नळीच्या पुढील बाजूस उभ्या असलेल्या माणसाची जागा आपल्या लेखनात रिकामी राहिली आहे, याची जाणीव त्याने सतत ठेवली पाहिजे.