तळटीप : ग्रेगॅरिनांची चाल
१२. लेखकाने इथे इंद्रायणीकाठच्या चिखलीतील गांडुळांचा उल्लेख केला आहे. गांडुळाच्या शुक्राशयात राहणारा एकपेशीय मोनोसिस्टिस हा ग्रेगॅरिन या गटातला परजीवी. त्याचे कितीतरी भाऊबंद सागरी कृमींच्या आणि कोळंबीच्या आतड्यात राहतात. वाढलेल्या ग्रेगॅरिनला पोहायला ना शेपूट, ना केसल. तरीही लेक्युडिनासारख्या जाती अंग जराही न वाकवता पुढे सरकतात, हे खरोखर विलक्षण आहे. ही ओढ आवरणाखालच्या ॲक्टिन आणि मायोसिन या, आपल्या स्नायूंतही असणाऱ्या, प्रथिनांची. सेलेनिडियम मात्र पीळ देत वळवळतो. हिवतापाचा प्लास्मोडियम यांचा दूरचा नातलग. डासाने टोचलेले त्याचे स्पोरोझोइट, म्हणजे संसर्ग करणाऱ्या पेशी, त्वचेतून असेच सरकत रक्तवाहिनी गाठतात. त्यामुळे ‘परजीवी नुसता वाहत जातो’ हे वरचे विधान वाचकांनी दुरुस्त करून वाचावे. – संपादक