कुंटा किंतेचे कागद

अमेरिकेतल्या मुसलमान गुलामांचा विषय आपल्याकडे निघाला की पहिलं नाव कुंटा किंतेचं येतं. अ‍ॅलेक्स हेली यांचं ‘रूट्स’ 1976 मध्ये आलं, पुढच्याच वर्षी त्यावरची मालिका टीव्हीवर गाजली. पण हा पूर्वज हेलींना सापडला कसा, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका सांगत: मूळ पुरुष ‘किंते’, गिटारला तो ‘को’ म्हणे, नदीला ‘कांबी बोलोंगो’, आणि जहाज ‘नॅपलिस’ला लागलं. एवढ्या चार शब्दांवर हेली गँबियातल्या जुफुरे गावी पोचले. तिथल्या एका ग्रिओने (आपल्याकडे हेळवी वंशावळ सांगतात, तसेच हे) सांगितलं, की कुंटा लाकूड आणायला गेला तो परतलाच नाही. मग हेलींनी जहाज शोधलं. ‘लॉर्ड लिगोनियर’, 29 सप्टेंबर 1767 रोजी अ‍ॅनापोलिस बंदरात. ‘मेरीलँड गॅझेट’मध्ये विक्रीची जाहिरातही मिळाली. पुढे व्हर्जिनियात 1768 चं एक खत सापडलं: जॉन वॉलरने विल्यम वॉलरला जमीन दिली आणि सोबत ‘टोबी’ नावाचा गुलाम. हेलींच्या मते हाच कुंटा.

1981 मध्ये गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या वंशावळीच्या अभ्यासकांनी वॉलर घराण्याचे कागद तपासले. टोबी 1762 पासूनच वॉलरांकडे होता, म्हणजे जहाज लागण्याच्या पाच वर्षं आधी! 1782 च्या करयादीत तो नाही. हेलींच्या गोष्टीतली त्याची मुलगी किझी तर 1790 ची.

हेलींवर मी दात खाणार नाही. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची नावंच लिहिली नव्हती. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, रंग. सगळ्यांची नावं पहिल्यांदा 1870 मध्ये आली. त्याआधी माणूस सापडतो तो मृत्युपत्रात, खरेदीखतात, करयादीत, गुराढोरांच्या शेजारी. तरीही वर्गात मुलांना ‘रूट्स’ कादंबरी म्हणूनच सांगावी. पुरावा म्हणून दुसरा माणूस आहे.

तो त्याच गँबिया नदीवरून त्याच अ‍ॅनापोलिसला सुमारे 36 वर्षं आधी आला: बोंडूचा हाफिज, अयूबा सुलेमान डियालो. केंट बेटावर तंबाखूच्या मळ्यात विकला गेला. नमाजला रानात जाई, तर एक पोरगा तोंडावर माती फेकी. पळाला, पकडला, तुरुंगात पडला. तिथे थॉमस ब्लुएट त्याला भेटले. अयूबाने वडिलांना अरबीत पत्र लिहिलं. ते लंडनला जेम्स ओगलथॉर्प यांच्या हाती पडलं आणि त्याच्या सुटकेची खटपट सुरू झाली. ते पत्र आजही जपलेलं आहे. लंडनमध्ये त्याने कुराणाच्या तीन प्रती आठवणीतून लिहिल्या, आणि 1734 मध्ये गँबियाला परतला. ज्याला लिहिता येत होतं, त्याचा माग मालकाच्या वहीबाहेरही उरला.

आपल्या लेखांतून मात्र याची एक बाजू नेहमी गाळली जाते. ब्लुएट 1734 च्या पुस्तकात ती सरळ लिहितात. अयूबा पकडला गेला तो नदीवरच्या व्यापाराहून परतताना. वडिलांनी त्याला तिथे इंग्रज जहाजाकडे पाठवलं होतं, कागद विकत आणायला आणि दोन गुलाम विकायला. त्या दोघांची नावं ब्लुएटनी दिलेली नाहीत.